सांजेचा ठोका

आईने भिंतीवर ठोका दिला आणि भिंतीने श्वास सोडला.

मी दारातच उभी होते, एका हातात तिच्या गोळ्या, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ दबून सुटते तसा तो आवाज होता. फक्त एकदम सुरू झाला आणि एकदम थांबला. सस्स. मग काही नाही. आईने समाधानाने मान हलवली आणि गोळ्यांसाठी हात पुढे केला. गोळ्या स्वतःहून मागायची ही कित्येक महिन्यांतली पहिली वेळ होती.

मी आधी पलंगाखाली पाहिलं. साप असेल असं वाटलं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, सगळ्यात वरच्या. पण तेलीबांध्याच्या तलावाजवळ इमारत असली की पावसाळ्यानंतर काय कुठवर चढेल याचा भरवसा नसतो. पलंग ओढला, कपाटामागे टॉर्च मारला, स्टूलवर चढून पंख्याची कटोरीसुद्धा हलवून पाहिली. काही सापडलं नाही. मग मी स्वतः भिंतीवर मूठ आपटली.

सस्स.

माझ्या हातावर काटा आला, हे लिहून टाकते. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि माझ्या हातावर सहसा काटा येत नाही.

"काहून त्रास देऊन राहिली त्याहीले?" आई म्हणाली. "एकदा विचारलं न. आहेत सारे."

ठोका म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. माझे वडील मालगाडीवर गार्ड होते. भंडाऱ्याकडून नोकरीपायी रायपूरला आले आणि इथलेच झाले. रेल्वे कॉलनीत आमचं क्वार्टर एका लांब ओळीत होतं. एकाला एक लागून घरं, मध्ये एकेरी विटांची भिंत, मागे यार्ड. ओळीतले जवळजवळ सगळे पुरुष गाडीवर असायचे. गेलेला माणूस कधी परतेल ते कुणालाच सांगता यायचं नाही. मागे राहायच्या बायका आणि पोरं.

दिवेलागणीला ओळीतून ठोका जायचा. पहिल्या घरातली बाई शेजारच्या भिंतीवर मुठीने दोनदा सावकाश ठोकायची. ते ऐकून शेजारची आपल्या पलीकडच्या भिंतीवर ठोकायची. असा तो घराघरातून शेवटपर्यंत जायचा आणि तिथून परत फिरायचा. परत आला म्हणजे ओळीतल्या सगळ्या आहेत आणि ठीक आहेत. नाही आला, तर ज्या घरापाशी तो थांबला त्या घरी जाऊन बघायचं. एकटीने नाही, दोघींनी. एवढाच नियम. कुणाला ताप भरलेला असायचा, कुणी पोराला न्हाऊ घालण्यात ठोका विसरलेली असायची. मग तिला दोन शिव्या मिळायच्या आणि ठोका पुढे जायचा.

लहानपणी मी भिंतीला कान लावून तो दूर जाताना ऐकायचे. प्रत्येक घरानंतर तो बारीक व्हायचा. मग एक वेळ अशी यायची की काहीच ऐकू यायचं नाही. शेवटच्या घराच्या पलीकडे फक्त यार्ड आणि डब्यांच्या काळ्या सावल्या. ठोका तिथे जाऊन नेमका कुणाला भेटून परत येतो, या विचाराने मला त्या शांततेत श्वास घ्यायचीही भीती वाटायची. मग तो लांबून पुन्हा उगवायचा, मोठा होत होत आमच्या भिंतीशी यायचा, आणि आई पोळ्या लाटायला बसायची. परत आल्याशिवाय चूल पेटत नसे.

पहिल्या घरात एक तेलुगू बाई राहायची. मी तिला एकदा विचारलं होतं, रोज तूच सुरू करतेस ना? तिने मला वेड्यात काढलं. म्हणाली, मी कशाला सुरू करू, मला पलीकडून येतो. तिच्या घराच्या पलीकडे कोळशाची मोकळी जागा होती.

हा नियम कुणी कुणाला शिकवला असं मला आठवत नाही. बदल्या होत राहायच्या. बंगाली यायच्या, ओडिया यायच्या, आमच्या विदर्भातल्या यायच्या. आमच्यातल्या रविवारी विहारात जाणाऱ्या, शेजारच्या मंगळवार करणाऱ्या. एकीला दुसरीची भाषा धड यायची नाही. पण आठवडाभरात नवी बाई दिवेलागणीला भिंतीशी उभी असायची. माझ्या लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मी एकदा संध्याकाळी त्या ओळीवरून गेले. ओळखीचं एकही कुटुंब उरलं नव्हतं. ठोका चालू होता.

हे सगळं आईच्या डोक्यातून गेलं नाही. बाकी बरंच गेलं. वडील गेल्याचं गेलं, मी शिक्षिका असल्याचं गेलं, माझ्या मुलीचं नाव गेलं. तिला ती 'ही पोट्टी' म्हणते, आणि पोट्टी तिला हिंदीतून उत्तरं देते. नवरा नोकरीसाठी बिलासपूरला असतो, शनिवारी येतो. आईच्या मते तो गॅसवाला आहे, आणि त्याने ते मान्य केलं आहे. यातल्या कशाचाच घरात बाऊ झाला नाही. प्रश्न संध्याकाळचा होता. तलावाकडचे दिवे लागले की आई उठायची, पलंगाशेजारच्या भिंतीवर ठोकायची आणि वाट बघायची. भिंत गप्प. पुन्हा ठोकायची. मग चपला शोधायची.

"आला नाही परत," म्हणायची. "मले पाहून येऊ दे."

पहिल्यांदा गेली तेव्हा सोसायटीच्या फाटकाशी सापडली. दुसऱ्यांदा पार मोठ्या रस्त्यावर, नव्या रायपूरकडे सुसाट जाणाऱ्या गाड्यांच्या मधोमध, दुभाजकावर. हात वर करून उभी होती, जणू गाडीला लाल झेंडी दाखवतेय. एका ऑटोवाल्याने तिला आणून सोडलं. मी दाराला वरून कडी लावून घेतली. तर ती आतून दारावर ठोकायला लागली, जेवेना, झोपेना. तिच्या मुठींची कातडी निघाली.

भिलाईचा भाऊ येऊन बघून गेला. त्याने एका संस्थेत चौकशी करून ठेवली होती. चांगली जागा, नर्स आहेत, फाटक कायम बंद. दिवाळीपर्यंत बघू, म्हणाला, त्यात सुधारलं नाही तर नेऊ. तो चुकीचं बोलत नव्हता. पण फाटक बंद असलेल्या जागी ती कुठल्या भिंतीवर ठोकेल आणि त्याला कोण काय म्हणेल, ते मला दिसत होतं. आई घरात राहील की नाही, हे दिवेलागणीच्या त्या थोड्या वेळावर येऊन ठेपलं होतं.

आणि अशात भिंत उत्तर द्यायला लागली.

दुसऱ्या दिवशी उजेडात मी गच्चीवर गेले. आईच्या खोलीमागे पाइपांसाठी सोडलेली एक अरुंद पोकळी आहे, डक्ट म्हणतात तिला. तिच्या दुसऱ्या बाजूला शेजारचं घर. वर गच्चीत तिच्यावर सिमेंटची फरशी ठेवलेली असते. फरशीच्या फटीतून मधमाश्या आत-बाहेर करत होत्या, घाई नाही, गोंधळ नाही. लहान, काळसर पट्ट्यांच्या. आपली सातेरी. ही आग्या माशीसारखी उघड्यावर लोंबत नाही. झाडाची ढोली, भिंतीतली पोकळी, असा अंधार शोधते. एसीच्या पाइपासाठी आईच्या पलंगाच्या वर भिंतीत पाडलेलं आणि वरवर बुजवलेलं भोक थेट त्या अंधारात उघडत होतं. आवाज तिथून येत होता.

सातेरीच्या घरावर टकटक केली तर ती फुत्कारते. एकेकटी नाही, सगळ्या मिळून, एकाच क्षणी. शत्रूला वाटावं की आत एक मोठं जनावर आहे. हुकूम कुणी देत नाही. राणी अंडी घालते, राज्य करत नाही. एकीने अंग थरथरवलं की शेजारचीला ते कळतं, तिचं तिच्या शेजारचीला, आणि हजारो अंगांतून ती लाट इतक्या वेगात जाते की आपल्याला एकच श्वास ऐकू येतो. मी हे वर्गात शिकवते. फळ्यावर लिहिलं की ते सोपं वाटतं. आईच्या खोलीत, दिवा न लावता, भिंतीला कान लावून ऐकलं तेव्हा मला क्वार्टरांची ती ओळ आठवली आणि मी उठून दिवा लावला.

मी कुणाला काही सांगितलं नाही. कारण आईचं बाहेर जाणं थांबलं होतं. संध्याकाळी ठोका, श्वास, "आहेत," आणि मग वरण-भात. भावाला फोनवर सांगितलं, सुधारणा आहे. तो म्हणाला, नवीन गोळ्यांचा परिणाम. मी हो म्हटलं.

एक गोष्ट मात्र मला खुपत राहिली. तो फुत्कार म्हणजे उत्तर नव्हतं. ती धमकी होती. आई रोज संध्याकाळी त्या माश्यांना घाबरवत होती आणि त्यांच्या घाबरण्याला सोबत समजत होती. भिंतीच्या एका बाजूला शेजार, दुसऱ्या बाजूला संकट, आवाज एकच.

हळूहळू आई मला तिकडच्या बातम्या द्यायला लागली. आज कमी आहेत. आज पोरं झाली आहेत. मी ऐकून सोडून द्यायचे. मग दसऱ्याच्या सुट्टीत एका दुपारी ती झोपेतून उठली आणि म्हणाली, "कोणीतरी घुसलं तिकडे. धरलं त्याले."

मी गच्चीवर गेले. फरशीच्या कडेला माश्यांचा एक गोळा होता, लिंबाएवढा, नुसता थरथरणारा. आजूबाजूच्या माश्या आपापल्या कामाला जात-येत होत्या. मी उन्हात थांबून राहिले. बऱ्याच वेळाने गोळा सुटला आणि मधून एक गांधीलमाशी पडली, अंगावर डंखाची खूण नाही. सातेरी शत्रूला असंच मारते. सगळ्या त्याला घेरतात आणि अंगाची ऊब वाढवत नेतात. तो शिजून मरतो. घेरणाऱ्यांतल्याही काही त्या उष्णतेत जातात. त्या दिवशी गांधीलमाशीशेजारी तशा चार-दोन पडल्या होत्या. मी त्या बोटाने उचलून पाहिल्या. कोरड्या, हलक्या.

आईला हे खाली पलंगावर पडून कसं कळलं, याचं माझ्याकडे उत्तर आहे: भोकातून येणारा आवाज बदलला असणार. हे उत्तर बरोबरच असणार.

मी तिला सांगितलं, धरलं होतं खरं, सोडलं आता. तेव्हा ती मला म्हणाली, "आम्ही पन धरलं होतं एकाले."

मग तिने जे सांगितलं ते मी कधीच ऐकलं नव्हतं. तिच्या बोलण्यात मागचं-पुढचं होतं, मी सरळ करून लिहिते. ओळीत एका घरात एक फायरमन, इंजिनात कोळसा टाकणारा, बायकोला मारायचा. एका संध्याकाळी ती शेजारच्या भिंतीवर मुठी आपटत राहिली. सगळ्या ओळीने ऐकलं. नवरा-बायकोचं आहे म्हणून कुणी गेलं नाही. सकाळी ती मेलेली होती. पडली म्हणून सांगितलं गेलं आणि प्रकरण तिथेच मिटलं. त्यानंतर दिवेलागणीला ओळीतल्या सगळ्या बायका त्याच्या घराभोवती जाऊन उभ्या राहायला लागल्या. कुणी काही बोलायचं नाही. कुणी दगड उचलला नाही. पदर डोक्यावरून, पोरं कडेवर, नुसत्या उभ्या. रोज. एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून, इतक्या जवळ की त्याला दार उघडून बाहेर पाय ठेवायला जागा नव्हती.

"मग?" मी विचारलं.

"गेला मंग."

"बदली घेतली?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी हाच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही. मग म्हणाली, "तिचा ठोका मी ऐकला. याच भिंतीतून." आणि पलंगाशेजारच्या भिंतीवर तळहात ठेवला.

हे तिला ऐकणं शक्य नव्हतं. ओळीत फायरमन राहायचे ते कोळशाच्या इंजिनांच्या दिवसांत, आणि आई लग्न होऊन आली तोवर आमच्या ओळीत ते उरले नव्हते. ही गोष्ट तिला दुसऱ्या कुणी सांगितली असेल, तिला आणखी कुणी. पण आता ती तिची होती. नवरा आणि पोरं विसरलेल्या बाईच्या डोक्यात, तिने कधी न पाहिलेल्या बाईच्या मुठी शिल्लक होत्या. तिला रोज संध्याकाळी बाहेर का जायचं असतं, ते मला त्या दुपारी कळलं.

दिवाळी जवळ आली आणि डक्टच्या पलीकडच्या घरातल्या बाळाला माशी चावली. डोळा पार मिटला त्याचा. त्याची आई वयाने माझ्या मुलीपेक्षा फार मोठी नसेल. नवरा कोरब्याकडे खाणीवर, महिन्यातला निम्मा काळ बाहेर. तिने सोसायटीत तक्रार केली आणि तिचं काहीही चुकलं नव्हतं. बैठकीत ठरलं की औषध मारायचं. मी म्हटलं, मारू नका, मधपेट्या ठेवणाऱ्या कुणाला तरी बोलवून पोळं हलवू. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, ये आपकी क्लास है क्या, जो सबको पास करोगी?" सगळे हसले. मीही हसले, आणि माणूस मी आणेन, एवढं कबूल करून घेतलं. माश्या राहू द्या असं मी म्हणू शकत नव्हते. काय कारण सांगणार होते? माझी आई त्यांच्याशी बोलते म्हणून?

मुलीने एक तोड काढली. मोबाइल भोकाशी धरून तिने तो फुत्कार रेकॉर्ड करून ठेवला. "मम्मी, नानी को फरक नहीं पड़ेगा," म्हणाली. मला ते पटलं. मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले आहे की प्राणी खुणेला प्रतिसाद देतात, खुणेमागच्या अर्थाला नाही.

माश्या नेणारा माणूस महासमुंदच्या रस्त्यावर पेट्या ठेवायचा. तो दुपार कलल्यावर आला, कारण अंधार पडता पडता सगळ्या माश्या घरी परततात. भारी बोलका. माश्या माणूस ओळखतात, आपल्याला कधी चावत नाहीत, असं सांगत असतानाच त्याच्या कानाला चावली. तरी बोलणं थांबलं नाही. फरशी सरकवून तो पोटावर आडवा झाला आणि पोळी किती खाली गेली आहेत ते बघायला त्याने सुरीच्या मुठीने डक्टची भिंत ठोकली. दोनदा, सावकाश.

मी गच्चीवरच होते. आतून सस्स आलं. आणि त्यामागोमाग, खालून, दोन ठोके.

तो थबकला. त्याने पुन्हा ठोकलं, जरा खाली. पुन्हा दोन ठोके.

"दीदी, अंदर कौन है?" त्याने विचारलं. बोलका माणूस, पण हे हळूच विचारलं.

मी खाली धावले. आई पलंगावर गुडघ्यांवर उभी होती, कान भिंतीला, मूठ वर, चेहरा इतका उजळलेला की मला तिचा तरुणपणीचा फोटो आठवला. "आली," ती म्हणाली. "आली व माय." ती वाट बघत होती. वर तो माणूस बहुधा माझी वाट बघत होता. तिसरा ठोका काही आला नाही. अंधार पडेस्तोवर पोळी कापून चौकटींना बांधली गेली, राणी डबीत गेली, आणि तिच्यामागे बाकीच्या आपणहून पेटीत चालत गेल्या. त्यांना ढकलावं लागलं नाही. पोकळीतला शेवटचा गुंजारव जाईपर्यंत आई कान लावून बसली होती.

दुसऱ्या संध्याकाळी दिवे लागले. आईने ठोका दिला. मुलीने कपाटामागे ठेवलेल्या स्पीकरवरून रेकॉर्डिंग लावलं. सस्स. अगदी तोच आवाज. मलाही फरक सांगता आला नसता.

आई ऐकत राहिली. मग तिने पाय खाली सोडले.

"हे कालचं बोलून राहिले," ती म्हणाली. "काल होते म्हणून आज आहेत काय?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. आई चपला शोधत होती. मी उठून वरच्या कडीपर्यंत गेले, हात वर केला, आणि तिथेच थांबले. त्या घटकेला मी काही मोठा विचार केला असं नाही. एवढंच डोक्यात आलं की नियम असा होता: ठोका परत आला नाही तर बघायला जायचं, आणि दोघींनी जायचं. आई एवढे महिने एकटी जात होती, कारण दुसरी कडी लावत होती.

मी माझ्या चपला घातल्या.

आई पायऱ्या उतरली नाही, फाटकाकडे वळली नाही. आपल्या भिंतीच्या पलीकडे कोण, एवढाच तिला प्रश्न होता, आणि पलीकडे ती बाळाची आई होती. मी बेल वाजवायला गेले. आईने माझा हात बाजूला केला आणि दारावर ठोकलं. दोनदा, सावकाश. बराच वेळ काही नाही. जिन्यातला दिवा गेलेला होता. मला लहानपणची ती शांतता आठवली, ठोका यार्डाशी पोचल्यावरची.

दार उघडलं. कडेवर बाळ, डोळा अजून थोडा सुजलेला. मला वाटतं तिला वाटलं आम्ही भांडायला आलो. आईने तिला खालून वर नीट न्याहाळलं. चेहरा, मनगटं, मानेची बाजू. काय शोधत होती ते मला माहीत होतं, त्या बाळाच्या आईला नव्हतं.

"आहेस न?" आईने विचारलं.

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आंटी, दादीजी क्या पूछ रही हैं?"

मी सांगितलं. ठोका काय, कशासाठी, तेवढंच. मारहाणीचं सांगितलं नाही. ती ऐकून घेऊन आईला म्हणाली, "हाँ दादीजी, हूँ." आई वळली, घरी आली आणि जेवली.

मग रोज जाऊ लागलो. चार-दोन पावलांचं जाणं. काही दिवसांनी आईचे गुडघे धरले, तेव्हा पलीकडची म्हणाली, मी आतूनच देत जाईन. तिच्याकडे डक्टला लागून न्हाणीघर होतं. पोकळीतून आवाज स्वच्छ यायचा. दिवाळीला भाऊ आला, संध्याकाळी आईचा ठोका आणि त्याला आलेलं उत्तर त्याने ऐकलं, आणि संस्थेचा विषय परत काढला नाही. त्याच ओळीत वाढलेला तोही.

आता आई अंथरुणाला खिळली आहे. हात उचलत नाही, बोलणं संपलं आहे. पलीकडचं कुटुंब झारखंडला गेलं. डक्टची फरशी सिमेंटने बंद केली आहे. फाल्गुनात त्या सांध्याशी एखाददुसरी सातेरी येते, हुंगते, जाते. जुन्या मेणाच्या वासावर येतात. या भिंतीत राहिलेल्या माश्यांपैकी आज एकही जिवंत नाही. कामकरी माशी महिना-दोन महिने जगते. तरी पत्ता ठाऊक असतो.

रिकाम्या घरात दोन ओडिया मुली भाड्याने आल्या, दवाखान्यात काम करणाऱ्या. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं उरलं नव्हतं; आईकडून ठोका जाणंच बंद झालं होतं. त्या काळात ती संध्याकाळचा घासही घेईनाशी झाली होती. तोंड घट्ट मिटायची. नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणत होते.

एका संध्याकाळी मी चमचा धरून बसले होते आणि भिंतीतून ठोका आला. दोनदा, सावकाश. आईने तोंड उघडलं.

मी जुन्या शेजारणीला फोन केला. तिने या मुलींना पाहिलेलंही नव्हतं. दोन्ही घरांत कामाला येणाऱ्या छत्तीसगढी बाईला विचारलं, तू बोललीस? "नहीं दीदी," म्हणाली, आणि ती खोटं बोलत नाही, बोलली तर लगेच कळतं. शेवटी सकाळी जिन्यात त्या मुलींनाच गाठलं. भिंतीवर का ठोकता, म्हटलं.

त्या दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. "आंटी, पहले आपकी तरफ़ से आया था," मोठी म्हणाली. "रोज आता है. हमने तो बस जवाब दिया."

मी माझ्या मुलीला विचारलं. ती संध्याकाळी क्लासला असते. नवरा बिलासपूरला. आईचे हात मी स्वतः रजईत ठेवलेले असतात.

यावर मी जास्त डोकं चालवलेलं नाही. पाइपात हवा धरत असेल, पाणी चढताना पाइप भिंतीला आपटत असेल. प्लंबरला बोलवून खात्री करून घेता येईल. अजून बोलवलेलं नाही. दिवे लागतात, पलीकडून ठोका येतो, आई घास घेते. मग मी चमचा खाली ठेवते आणि भिंतीवर उत्तर देते. आमच्या हॉलच्या दुसऱ्या बाजूलाही एक घर आहे, एक निवृत्त गृहस्थ एकटेच असतात तिथे. गेल्या आठवड्यापासून त्या भिंतीवरही ठोकते. पहिले दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी चपला घालून मुलीला हाक मारली, तेवढ्यात उत्तर आलं.